एअर रायफलसाठी स्कोप निवडताय? झूम सगळ्यात शेवटी बघा

स्कोप घ्यायचाय म्हणून जो कोणी विचारतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "३-९ घेऊ, ४-१२ घेऊ की डायरेक्ट ६-२४?" हे आकडे म्हणजे स्कोपमधून किती ते किती पट मोठं दिसतं ते. म्हणजे सुरुवातच झूमपासून. मग स्कोप येतो, बसवला जातो, चार दिवस मजा येते आणि नंतर मेसेज येतो की छर्रे कुठेही जातायत, झिरो (म्हणजे ठरलेल्या अंतरावर जिथे क्रॉस तिथेच मार) टिकत नाही, स्कोप खराब निघाला. बहुतेक वेळा स्कोप खराब नसतोच. तो चुकीच्या रायफलवर चुकीच्या अंतरासाठी घेतलेला असतो, नाहीतर माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारा भाग, सरकलेला असतो. म्हणून हा लेख ज्या क्रमाने निर्णय घ्यायचे त्याच क्रमाने लिहिलाय, आणि तो क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं. मी इथे मुख्यतः ०.१७७ एअर रायफलबद्दल बोलतोय कारण आपल्याकडे जास्तीत जास्त लोकांकडे तीच आहे. लायसन्सवाली .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल असेल तर कुठे फरक पडतो ते मध्ये मध्ये सांगतो.

१. आधी ठरवा, स्कोप लागणार आहे का?

हे विचित्र वाटेल पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मुलगा किंवा मुलगी शाळेत शूटिंग शिकायला लागली की आईवडील हौसेने रायफलबरोबर स्कोप घेऊन टाकतात. १० मीटर एअर रायफल, ५० मीटर प्रोन (झोपून), ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) या ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांमध्ये स्कोप चालतच नाही. तिथे पीप साइट असते, म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे नळीच्या टोकाला गोल रिंग, दोन्ही डोळ्यासमोर एकात एक बसवायचे आणि मध्ये काळं टार्गेट धरायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं ते पीप साइटवर, आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली तीही पीप साइटवरच. ओपन साइट प्रकारात तर पीपही नाही, साधी खाच आणि माशी.

रनिंग टार्गेट म्हणजे सरकत्या टार्गेटच्या प्रकारात स्कोप चालतो, पण १० मीटरला तो ४ पटीपर्यंतच. तेव्हा स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी कोचला विचारा, त्या स्पर्धेचा नियम वाचा, आणि पैसे चांगल्या पीप साइटवर नाहीतर जॅकेटवर घाला.

स्कोप कोणासाठी? ज्यांना स्वतःच्या जागेत छर्रे अडवणारा सुरक्षित बॅकस्टॉप लावून कागदावर, डब्यावर, लोखंडी सिल्हूटवर १० ते ५० मीटरवर मारायचंय, बेंचवर बसून बारीक ग्रुप (एकाच जागी जवळ जवळ पडलेले छर्रे) काढायचेत किंवा फील्ड टार्गेट खेळायचंय त्यांच्यासाठी. इंग्लंडात वगैरे राहणारे आपले लोक फील्ड टार्गेट क्लबात जातात, तिथे टार्गेट साधारण १० ते ५५ यार्डांवर असतात आणि अंतर स्वतः ओळखायचं असतं, त्यामुळे त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, त्या चौथ्या पायरीत येतील.

सावधान: भारतात ०.१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्याच्या वर लागतं. आणि लायसन्स लागत नाही म्हणून पक्ष्यांवर किंवा माकडांवर मारायची परवानगी मिळते असं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकारीचा विषय इथेच संपला. स्कोप लावला की लांबचं मारायचा मोह होतो म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

२. रायफल कुठल्या जातीची आहे ते बघा

स्प्रिंगवाली आहे की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), यावर अर्धा निर्णय होतो.

स्प्रिंगर किंवा गॅस रॅमची रायफल, म्हणजे जी नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून कॉक करतो ती, उडते दोनदा. ट्रिगर दाबला की आतला पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते, मग पिस्टन पुढच्या भिंतीवर आपटतो आणि रायफल झटक्यात पुढे जाते. मोठ्या बोअरच्या बंदुकीसाठी बनवलेला स्कोप मागच्या एका धक्क्यासाठी मजबूत केलेला असतो, हा उलटा झटका त्याच्या हिशोबात नसतो. म्हणून मोठ्या बोअरची बंदूक छान सांभाळणारा स्कोप साध्या स्प्रिंगरवर महिनाभरात बिघडतो. आतलं रेटिकल, म्हणजे क्रॉसच्या रेघा, फिरतं, काच सैल होते, हलवला की खडखड वाजतं.

त्यामुळे स्प्रिंगर असेल तर स्कोपच्या माहितीत एअरगनसाठी किंवा स्प्रिंगरसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. "सगळ्या रायफलींना चालतो" हे पुरेसं नाही. दुकानदाराला थेट विचारा की स्प्रिंगरवर लावून आतून बिघडला तर वॉरंटी देणार का, आणि हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या.

पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, तिच्यावर जवळपास कुठलाही धड स्कोप टिकतो. .२२ रिमफायरचंही तसंच, धक्का हलका आणि एकाच दिशेचा.

एक गोष्ट वजनाची. स्प्रिंगरवर जितका जड स्कोप तितका तो झटक्याला रेलवर जास्त सरकतो. स्प्रिंगरवर पाऊण किलोचा ६-२४×५० (६ ते २४ पट, पुढची काच ५० मिमी) चढवलेले बरेच जण दिसतात, रायफल वरून जड होते, हातात नीट तोलत नाही आणि माउंटवर सगळा ताण येतो. स्प्रिंगरला अर्धा किलोच्या आतबाहेरचा स्कोप घ्या.

३. अंतर मोजा, मग पॅरॅलॅक्स समजून घ्या

आता टेप घ्या आणि खरंच मोजा. "पन्नास मीटर तरी असेल" असं म्हणणाऱ्यांच्या अंगणात बहुतेक वेळा २० ते २५ मीटरच निघतात. जवळात जवळ किती आणि लांबात लांब किती असे दोन आकडे कागदावर लिहून काढा.

हे आकडे पॅरॅलॅक्ससाठी लागतात, आणि या लेखातलं एकच प्रकरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. स्कोपमधून बघताना डोळा जरा डावीउजवीकडे केला की क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो, रायफल जागची हललेली नसताना. कारण टार्गेटचं चित्र आणि क्रॉस आत एकाच पातळीवर पडत नाहीत. ॲडजस्ट न होणारा प्रत्येक स्कोप एका ठराविक अंतरावर बरोबर जुळवलेला असतो. मोठ्या बंदुकीचे साधे स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे बहुतेक ५० यार्डांवर.

हिशोब करून बघा. ४० मिमी पुढची काच, १०० यार्डांवर जुळवलेला स्कोप, आणि तुम्ही मारताय १० मीटरवर. डोळा पार कडेला गेला तर चूक जवळजवळ १८ मिमी. २५ मीटरवर साधारण साडेचौदा मिमी. ५० यार्डवाला रिमफायर स्कोप घेतला तरी २५ मीटरवर ९ मिमीपर्यंत जाते. रोज गाल तंतोतंत एकाच जागी टेकवणारा माणूस यातून वाचतो, पण सुरुवातीला गाल रोज वेगळा टेकतो, आणि मग काल डावीकडे आज उजवीकडे हे चालू होतं आणि शिव्या रायफलला बसतात.

त्यामुळे एअर रायफलला पॅरॅलॅक्स ॲडजस्ट करता येणारा स्कोपच घ्या. दोन प्रकार आहेत. एओ म्हणजे पुढच्या काचेभोवती फिरणारी रिंग, स्वस्त आणि सुटसुटीत, पण फिरवायला हात पुढे न्यावा लागतो. साइड फोकस म्हणजे डाव्या बाजूला नॉब, सोयीचा पण महाग आणि थोडा जड. दोन्हीत एकच बघायचं, सगळ्यात कमी आकडा किती आहे. १० यार्ड किंवा त्याच्या खाली पाहिजे. ५० यार्डांपासून सुरू होणारा साइड फोकस एअर रायफलला काही कामाचा नाही.

तपासा: रायफल किंवा नुसता स्कोप वाळूच्या पिशवीवर घट्ट ठेवा, हात लावू नका. तुमच्या नेहमीच्या अंतरावरच्या ठिपक्यावर क्रॉस आणा, मग डोकं हळूहळू वरखाली आणि डावीउजवीकडे करा. क्रॉस ठिपक्यावर चिकटून राहिला पाहिजे. सरकत असेल तर एओ थोडा फिरवा आणि परत बघा. रिंगवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका, ते बऱ्याचदा मागेपुढे असतात. जिथे क्रॉस थांबतो तिथे पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावून टाका, तीच तुमची खूण.

४. आता झूम आणि पुढची काच

अंतर कळलं, रायफल कळली, आता झूमचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

१० ते २५ मीटर, स्प्रिंगर: ३-९×४० एओ. यात भागतं. ४-१२×४० एओ घेतला तरी ठीक, फार वर जायची गरज नाही.

५० मीटरपर्यंत पीसीपी किंवा .२२, बेंचवरून: ४-१६ किंवा ६-२४, साइड फोकस, ४४ ते ५० मिमी काच.

फील्ड टार्गेट: तिथे लोक जास्त झूम घेतात ते टार्गेट मोठं दिसावं म्हणून कमी आणि साइड फोकसवरून अंतर ओळखता यावं म्हणून जास्त. झूम जितका जास्त तितका फोकस एका बारीक अंतरावरच स्पष्ट होतो, त्यावरून यार्ड कळतात. अंगणात मारणाऱ्याने त्यांचं बघून २४ पट घेऊ नये.

जास्त झूमचा तोटा कोणी सांगत नाही. एक तर हाताचा थरथराट तितक्याच पटीने मोठा दिसतो, आणि क्रॉस स्थिर होईना म्हणून माणूस घाईत ट्रिगर ओढतो. दुसरं, चित्र अंधारतं. पुढची काच भागिले झूम म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ४० मिमी काच आणि ४ पट म्हणजे १० मिमी, बघायला आरामशीर. तीच काच १२ पटीला ३.३ मिमी. ५० मिमी काच २४ पटीला जेमतेम २ मिमी, म्हणजे डोळा जरा हलला की काळी सावली, आणि ढगाळ दिवशी काहीच नीट दिसत नाही. दहा मीटरवर तर २४ पटीला टार्गेट शोधण्यातच वेळ जातो.

हुभ्याने मारणार असाल तर ४ ते ६ पट ठेवा. बसून टेकवून मारताना वाढवा.

५. रेटिकल आणि क्लिक

रेटिकल साधं घ्या. मिलडॉट (रेघांवर सारख्या अंतरावर ठिपके असलेलं) किंवा बारीक रेघांचं, मध्ये बारीक क्रॉस. मधली रेघ जाड असेल तर लहान ठिपका तिच्याखाली झाकला जातो. लाल-हिरवा दिवा असला तर असू दे, त्याच्यासाठी पैसे वाढवू नका, दिवसा उजेडात त्याचा उपयोग नाही.

फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड? फर्स्टमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहानमोठं होतं, त्यामुळे रेघांचं माप कुठल्याही झूमला खरं राहतं. सेकंडमध्ये रेटिकल तेवढंच दिसतं, पण रेघांचं माप एकाच झूमला खरं, बहुतेक सगळ्यात वरच्या. अंगणात मारायला सेकंड पुरेसं आहे, स्वस्तही पडतं. फक्त मग एक झूम ठरवा आणि रेघा वापरून मारताना तोच ठेवा. "काल दुसऱ्या रेघेवर लागत होतं आज नाही" यातल्या बऱ्याच तक्रारी झूम बदलल्यामुळे असतात.

क्लिकचा गोंधळ मात्र सगळ्यांचा होतो. नॉबवर पाव एमओए (कोनाचं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे १०० यार्डांवर एका क्लिकला साधारण पाव इंच. तुम्ही १० मीटरवर असाल तर एक क्लिक फक्त पाऊण मिमीच्या आसपास. २० मीटरवर दीड मिमीला जरा कमी. म्हणजे २० मीटरवर छर्रा ३ सेंमी खाली लागतोय तर २० क्लिक लागतील, आणि १० मीटरवर तेवढ्याच ३ सेंमीला ४० क्लिक. लोक चार क्लिक फिरवतात, काही फरक दिसत नाही आणि नॉब खराब आहे म्हणतात. मिल मापाचा नॉब असेल, ०.१ मिल लिहिलेला, तर १० मीटरला एक क्लिक १ मिमी आणि २५ मीटरला अडीच मिमी, हिशोब सोपा.

६. रेल, रिंग, माउंट

स्कोपच्या किमतीत घासाघीस करून शेवटी माउंट फुकटातला घेतात, आणि मग त्यामुळे सगळं बिघडतं. माउंटचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

पहिलं, रेल कुठला? बहुतेक एअर रायफलींना ११ मिमी डव्हटेल असतो, म्हणजे रायफलच्या पाठीवर कापलेल्या दोन तिरक्या खाचा. काहींना पिकॅटिनी, म्हणजे आडव्या चौकोनी खाचांची पट्टी. दोघांचे माउंट वेगळे. आणि ११ मिमी म्हटलं तरी प्रत्यक्षात रेल ९.५ पासून १३ पर्यंत कुठेही असतो, तेव्हा व्हर्नियरने मोजा किंवा रायफल घेऊन दुकानात जा.

दुसरं, नळीची जाडी. स्कोपची नळी १ इंची म्हणजे २५.४ मिमी किंवा ३० मिमी. रिंग तशीच हवी.

तिसरं, उंची. पुढच्या काचेच्या घेराचा बाहेरून अर्धा, उणे नळीचा अर्धा, आणि त्यात दोन-तीन मिमी मोकळी जागा. ४० मिमी काचेचा स्कोप बाहेरून साधारण ५० भरतो, म्हणजे २५ उणे १२.७, बारा मिमी आणि वर थोडं. हे रेलच्या वरच्या पृष्ठभागापासून रिंगच्या आतल्या तळापर्यंतचं अंतर. मध्यम उंचीची रिंग बहुतेक वेळा बसते. पीसीपीची मॅगझिन रेलच्या वर डोकावत असेल तर उंच रिंग लागेल. उगाच उंच घेऊ नका, गाल दस्त्यावरून उचलला गेला की तिसऱ्या पायरीतला सगळा पॅरॅलॅक्सचा त्रास परत सुरू.

चौथं, फक्त स्प्रिंगरवाल्यांसाठी: स्टॉप पिन. मागच्या माउंटखाली एक बारीक पिन असते, ती रेलवरच्या भोकात उतरते आणि माउंटला मागे सरकू देत नाही. रायफलला भोक आहे का बघा आणि पिनवालाच माउंट घ्या. स्प्रिंगरला दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध वन पीस माउंट जास्त घट्ट बसतो, कारण पकड लांब असते.

माउंट सरकतोय का हे ओळखायचं कसं? पेन्सिलने रेलवर मागच्या माउंटच्या कडेला चिकटून एक बारीक रेघ मारा, तशीच रेघ रिंगच्या मागे स्कोपच्या नळीवर. डबीतले थोडे छर्रे मारून परत बघा. एकजण नवाकोरा स्कोप परत करायला निघाला होता, त्याच्या रायफलवर ही रेघ मारून दिली, परत बघितलं तर माउंट आणि रेघेत नखाएवढी फट पडलेली होती. स्कोपला काहीही झालेलं नव्हतं. पिनवाला माउंट लावला आणि विषय संपला.

सावधान: रेल आणि माउंट दोन्ही तेलकट असतात. बसवण्याआधी दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडे करा. तेलकट रेलवर कितीही आवळा, सरकणारच.

७. पैसे देण्याआधी हातात घेऊन तपासा

ऑनलाइन मागवला असेल तर हेच पार्सल उघडताना करा, व्हिडिओ चालू ठेवून.

मोठ्या ब्रँडचं नाव छापलेले नकली स्कोप बाजारात खूप आहेत. किंमत अविश्वसनीय वाटली तर विश्वास ठेवू नका. सिरीयल नंबर, बिल, वॉरंटी कार्ड तिन्ही पाहिजे.

कानाजवळ धरून हळू हलवा, आत काही वाजता कामा नये. नॉब फिरवा, प्रत्येक क्लिक बोटाला वेगळा जाणवला पाहिजे, मऊ लोण्यासारखा फिरत असेल तर नको. झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवताना क्रॉस जागचा हलतोय का बघा. काचेत तिरकं बघून बुरशीचे धागे, केस, डाग शोधा. दुकानाच्या बाहेर या आणि सावलीतल्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचून बघा, आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप छान दिसतात.

आणि डोळ्यापासून किती अंतरावर पूर्ण चित्र दिसतं ते पट्टीने मोजा. ७५ ते १०० मिमीच्या दरम्यान हवं. धक्का देणाऱ्या रायफलवर यापेक्षा कमी असेल तर भुवईला लागतो.

सावधान: स्कोपमधून सूर्याकडे कधीही बघू नका, एक क्षणसुद्धा.

८. बसवण्याचा क्रम

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, घाईत उलटसुलट केलं की परत सगळं खोलावं लागतं.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळी तपासा, पीसीपी असेल तर मॅगझिन काढून ठेवा. छर्रे दुसऱ्या खोलीत.

मग दस्त्याचे स्क्रू आवळा. स्प्रिंगरचे हे स्क्रू सैल होतातच आणि सैल दस्त्यावर स्कोप झिरो करणं म्हणजे फुकट मेहनत.

रेल पुसा, माउंटचा खालचा भाग बसवा, पिन भोकात उतरवा आणि माउंट पिनला टेकेपर्यंत मागे ओढून मग आवळा.

स्कोप रिंगमध्ये ठेवा, वरच्या टोप्या लावा, पण स्क्रू नुसते धरतील इतकेच. स्कोप पुढेमागे सरकला पाहिजे, फिरला पाहिजे.

आता मागची डोळ्याची काच. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे बघा आणि क्रॉस काळाकुट्ट स्पष्ट दिसेपर्यंत मागची रिंग फिरवा. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा, जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. बरेच जण या रिंगने टार्गेट स्पष्ट करायला जातात, ते चूक आहे. ही फक्त क्रॉससाठी, टार्गेटसाठी एओ.

डोळ्याचं अंतर: झूम सगळ्यात वर न्या. डोळे मिटा, ज्या पोझिशनमध्ये मारता त्याच पोझिशनमध्ये रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, डोळे उघडा. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसेपर्यंत कोणाला तरी स्कोप सरकवायला सांगा. टेबलावर बसून हे केलं आणि मारताना हुभ्याने मारलं तर परत चुकणार.

सरळ करणं: समोर १० मीटरवर ओळंबा लटकवा, नुसती दोरी आणि खाली नट बांधला तरी चालतो. रायफल रेलवर लेव्हल ठेवून सरळ धरा आणि क्रॉसची उभी रेघ दोरीशी जुळवा. नुसत्या अंदाजाने केलं तर क्रॉस बहुतेक तिरका बसतो, आणि मग अंतर बदललं की मार एका बाजूला सरकत जातो.

आता आवळायचं. चार-चार स्क्रू, तिरपे, थोडे थोडे, टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. टॉर्क पाना असेल तर १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी आवळा, लांब बाजूने जोर लावू नका. स्कोपची नळी चेपली की आतलं सगळं अडकतं आणि वॉरंटी जाते. स्क्रू चिकटवणारा लॉकटाइट रिंगच्या टोप्यांना लावू नका.

तपासा: आवळताना क्रॉस फिरतो बऱ्याचदा. परत ओळंब्याकडे बघा.

९. झिरो

छर्रा आधी ठरवा, स्कोप नंतर जुळवा. प्रत्येक नळीला एखादा छर्रा जमतो आणि एखादा जमत नाही, आणि रोज वेगळी डबी वापरली तर झिरो कधीच होणार नाही. दोन-तीन प्रकार आणून प्रत्येकाचे पाच-पाचचे ग्रुप मारा, जो एकत्र पडतो तो ठेवा. कुठे पडतो हे या वेळी बघायचंच नाही, किती जवळ जवळ पडतो तेवढंच.

स्प्रिंगर कधीही कडक टेकूवर किंवा वाइसमध्ये घट्ट आवळून झिरो करू नका. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता ठेवा, हात मऊ पिशवीवर, बोटांनी पकडू नका, तिला तिच्या पद्धतीने उडू द्या. हात रोज त्याच जागी.

मागे पक्की भिंत किंवा जाड बॅकस्टॉप, समोर पेलेट ट्रॅप (छर्रे पकडणारा डबा), डोळ्याला गॉगल, आजूबाजूला कोणी नाही. सोसायटीच्या गच्चीवर नको. शिसं कडक दगडावर किंवा सरळ लोखंडी पत्र्यावर आपटून मागे येतं.

१० मीटरवर मोठ्या कागदाने सुरुवात करा. पाच मारा, ग्रुपचा मध्य काढा, मध्य ते ठिपका अंतर मोजा, पाचव्या पायरीच्या हिशोबाने क्लिक फिरवा. एका छर्ऱ्यावरून कधीच फिरवू नका. एक डावीकडे गेला की उजवीकडे क्लिक, पुढचा उजवीकडे गेला की डावीकडे, असं करत अख्खी डबी संपवणारे आहेत. नॉबवरचा बाण मार ज्या दिशेला न्यायचा ती दिशा दाखवतो, हेही लक्षात ठेवा.

मग २० मीटरवर जा आणि तिथे पक्का झिरो करा. स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंमी वर असतो, त्यामुळे साधारण ताकदीच्या ०.१७७ ला २० मीटरवर झिरो असेल तर १० मीटरवर छर्रा सेंटीमीटरभर खालीच लागतो, आणि ३० मीटरवर दीड-पावणेदोन सेंमी खाली. हे बरोबर आहे, स्कोप बिघडलेला नाही. १० वर जाऊन परत क्लिक फिरवू नका. कागदावर लिहा, १० ला किती खाली, १५ ला किती, २५ ला किती, आणि तो कागद दस्त्याला चिकटवा.

वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच लागतोय? नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. नॉब टोकाला ठेवून तसंच वापरू नका, तिथे आतल्या स्प्रिंगची पकड ढिली पडते आणि झिरो हलत राहतो. मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात पातळ पट्टी घाला. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीच्या पट्टीने १० मीटरवर मार १ सेंमी वर येतो. ०.२ च्या वर लागत असेल तर पट्ट्या रचू नका, मागे उंच असलेला ड्रूप माउंट मिळतो तो घ्या.

शेवटी नॉबची परीक्षा: २० मीटरवर तीन छर्रे, मग २० क्लिक वर आणि तीन, २० उजवीकडे आणि तीन, २० खाली आणि तीन, २० डावीकडे आणि तीन. साधारण ३ सेंमीचा चौकोन पडला पाहिजे आणि शेवटचे तीन पहिल्या तिघांवर. नाही पडले तर स्कोप परत करायचा, वॉरंटीत असतानाच.

१०. झिरो हलला तर या क्रमाने शोधा

दस्त्याचे स्क्रू. मग माउंट आणि पेन्सिलची रेघ. मग रिंगच्या टोप्या. मग छर्रा, डबी बदलली का. मग एओ त्याच खुणेवर आहे का आणि झूम तोच आहे का. मग नळी, खूप दिवस साफ केलेली नसली तर. हे सगळं बघून झाल्यावरच स्कोपवर संशय घ्या, आणि तेव्हाही दुसऱ्या रायफलवर लावून किंवा दुसरा स्कोप या रायफलवर लावून खात्री करा.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत काचेला बुरशी धरते. रेक्झिनच्या बंद केसमध्ये चार महिने ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून निळ्या करा. एसी खोलीतून बाहेर आणल्यावर बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर ती निघून जाते, पण वाफ आतल्या बाजूला दिसली तर सील गेलंय, तो स्कोप दुरुस्तीला पाठवा. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा मग लेन्सचं कापड. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा २० मीटरवर पाचचा एक ग्रुप मारून मगच बाकीचं.